कापसाच्या गोदामातला समुद्र

परीक्षा संपतात, तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे परत जातात आणि अमरावतीचं आमचं कॉलेज एकदम रिकामं होतं. वर्गांना कुलपं लागतात. शिपाई भिंतीवरचे फळे काढून व्हरांड्यात आडवे टाकतो आणि ओल्या फडक्याने पुसत बसतो. तापलेल्या हवेत ओल्या खडूचा वास पसरतो. तो वास आला की माझा उन्हाळा सुरू झाला.

इतरांना या दिवसांत वाळ्याचे पडदे आठवतात, माठातलं पाणी आठवतं, अंगणात टाकलेल्या बाजा आठवतात. मलाही ते सगळं मिळालं होतं, पण आठवत नाही. मला अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीचं गोदाम आठवतं. हंगाम संपल्यामुळे रिकामं, वरच्या तुळयांना रुईचे पुंजके चिकटलेले, कोपऱ्यात सरकीचा तेलकट वास. आणि खाली फरशीवर आम्ही काढलेला समुद्र.

मी खरा समुद्र पाहिलेला नाही. वय पंचेचाळिशीकडे झुकलं. पाहायचा म्हटलं तर रेल्वेचं तिकीट काढून मुंबईला जाता आलं असतं. गेलो नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्या फरशीवर माझ्याबरोबर काम करणारा सुखदेव नावाचा माझा विद्यार्थी पुढे खऱ्या समुद्राकाठी नोकरीला लागला, आणि तिथल्या दुसऱ्या पावसाळ्यात एका लाटेने त्याला नेलं. त्या नोकरीवर मी त्याला पाठवलं होतं. नंतर त्याच्या आईने मला एकच प्रश्न विचारला होता, आणि मी तिला ‘बघून सांगतो’ म्हणालो होतो. या उन्हाळ्यापर्यंत मी तिला काही सांगितलं नव्हतं.

अठ्ठावन्न सालचा उन्हाळा होता तो. माझा एक वर्गमित्र पुण्याकडे बंदरांच्या कामावर होता. कोकणातल्या एका लहान गावी मासेमारीच्या होड्यांसाठी समुद्रात भिंत घालायची होती. भिंतीच्या आडोशाला पाणी किती हलेल, कोणत्या कोपऱ्यात होड्या लागाव्यात, हे आधी समजायला हवं होतं. त्यांच्याकडे सिमेंटचा हौद करून त्यात लाटा उठवून बघण्याची सोय होती, पण तो हौद मोठ्या बंदरांच्या कामात अडकलेला. मित्राने विचारलं, सुट्टीत आकडेमोड करून देशील का. मी हो म्हटलं. माझ्यात तेव्हा हौस होती. आता ती कुठे गेली हे मी शोधत नाही.

ही आकडेमोड सांगायला सोपी आहे. बंदराच्या नकाशावर चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनात अंदाजाने एक आकडा लिहायचा, त्या जागी पाणी किती उचललं जाईल त्याचा. मग एकेक चौकोन तपासायचा. प्रत्येक चौकोनाचं त्याच्या चार शेजाऱ्यांशी ठरावीक नातं असतं. आकडा त्या नात्यात बसला नाही तर काही बाकी उरते. ती बाकी मिटवण्यापुरता आकडा बदलायचा. पण आपण आकडा बदलला की शेजाऱ्यांचं बिघडतं. मग शेजाऱ्यांकडे जायचं. असं फिरत फिरत सगळ्या जाळीतली बाकी हळूहळू कमी होत जाते, आणि एका दिवशी कुठेच काही उरत नाही. मग तो समुद्र सुटला असं समजायचं.

पहिले काही दिवस मी हे कागदावर केलं. अकोल्याला आमच्या घरी, खाली चटई टाकून. खोडून खोडून कागदाला भोकं पडली, घामाचे थेंब पडून आकडे फुटले. माझ्याबरोबर दोन विद्यार्थी होते. एक प्रभाकर, अकोल्याचाच, बडबड्या. दुसरा सुखदेव, दर्यापूरकडच्या खेड्यातला, बोलायला कमी. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आई मजुरीने कापूस वेचायला जायची. गणितात त्याच्याइतका स्वच्छ मुलगा मी नंतरही शिकवला नाही.

गोदामाची कल्पना प्रभाकरची. त्याचे मामा त्या जिनमध्ये मुनीम होते. प्रभाकर म्हणाला, एवढी मोठी फरशी उन्हाळाभर नुसती पडून असते, तिथं मांडू या. मुनीमजींनी आम्हाला मोकळं गोदाम दाखवलं, आम्ही काय करणार ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मांडा बाप्पा. पन दिवाळीच्या आंत समुद्र उपसून नेजा. कापूस भिजला तं शेठ मले घरी बसवन."

तेव्हापासून ते रोज सकाळी दारात येऊन विचारायचे, "कोठवर आला समुद्र?" प्रभाकर सांगायचा, "मामा, आज काट्यापावेतो आला." काटा म्हणजे कापूस तोलायचा मोठा वजनकाटा, दाराजवळच होता. मुनीमजी मान हलवून निघून जायचे, आणि जाताना धोतर गुडघ्यापर्यंत उचलून धरायचे, पाण्यातून चालल्यासारखं. आम्ही हसायचो. सुखदेवसुद्धा हसायचा. त्याचा खालचा एक दात थोडा आडवा होता, तो हसताना दिसायचा.

सुताराच्या दोरीला गेरू लावून आम्ही फरशीवर रेघा पाडल्या. दीड हाताचा एकेक चौकोन झाला. आकडे खडूने. आणि भिंत दाखवायला चुन्याचा जाड पट्टा, वीतभर रुंद, गोदामाच्या मध्यातून निघून दाराकडे वळलेला. चुना सुखदेवने ओढला होता. एकाच हाताने, मध्ये न थांबता.

कामाचा एक नियम होता आणि तो मी केला होता. समुद्रात पाय ठेवायचा नाही. अनवाणी घामेजलेला तळवा आकड्यावर पडला की आकडा पुसला जातो, आणि पुसलेला आकडा पुन्हा आठवून लिहिताना माणूस चुकतो. म्हणून चालायचं ते रेघांवरून, एक पाऊल पुढे एक पाऊल, डोंबारी दोरीवर चालतो तसं. सारखं असं चालून पोटऱ्या भरून यायच्या. प्रभाकर कुरकुर करायचा. मी सांगितलं होतं, दमलात तर भिंतीवर उभे राहा. भिंतीवर आकडे नव्हते. साऱ्या समुद्रात तेवढीच जागा अशी होती की जिथं माणूस दोन्ही पाय टेकून उभा राहिला तरी काही बिघडत नव्हतं.

सुखदेव बहुतेक वेळ तिथंच दिसायचा. चुन्याच्या पट्ट्यावर उभा, हातात खडू, खाली वाकून कोपऱ्यातले आकडे बघत.

सकाळी उजाडताच आम्ही यायचो. दारांना ओली पोती बांधायची. ऊन चढेपर्यंत काम व्हायचं, मग पत्रे तापून कडकड वाजायला लागायचे आणि आम्ही सरकीच्या रिकाम्या पोत्यांवर पडून राहायचो. मुनीमजींचा माठ होता. प्रभाकर आणि मी त्यातून पाणी घ्यायचो. सुखदेवला मुनीमजी वरून ओतून द्यायचे. ओंजळीत. दोन दिवसांनी सुखदेव गावी जाऊन आपला पितळेचा तांब्या घेऊन आला. मी ते पाहिलं. मुनीमजी वाईट माणूस नव्हते, आणि मला गोदाम हवं होतं. मी गणिताकडे बघत राहिलो. असं बघत राहणं मला लवकर जमलं आणि पुढे फार उपयोगी पडलं.

आमची एक चूक मात्र सांगायला हवी, कारण ती कोकणातल्या माणसाने केली नसती. भिंतीला लागून असलेल्या चौकोनांत मी शून्य मांडलं होतं. माझ्या डोक्यात आमचं शेत होतं. पावसाचं पाणी वावरातून वाहत येतं, धुऱ्याशी पोचतं आणि तिथं जिरतं. काळ्या जमिनीला कितीही पाणी चालतं. पाणी बांधाशी आलं म्हणजे संपलं, हे मला शिकवावं लागलं नव्हतं, मी ते बघतच मोठा झालो होतो. प्रभाकरलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही आठवडाभर त्या शून्यांच्या भरवशावर पुढे गेलो. आकडे छान मिटत होते. बंदरात सगळीकडे शांतता येत होती.

एका सकाळी सुखदेव भिंतीवर उभा राहून बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सर, इथं आलेलं पानी जाते कोठी?"

मी म्हटलं, भिंतीशी संपतं.

"पन भिंत तं गोट्याची हाय. गोटा पानी पेते काय?"

गोटा म्हणजे दगड. प्रभाकर म्हणाला, याला आता दगडालाही तहान लागलेली दिसते. सुखदेव हसला नाही. जिनच्या आवारात आगीसाठी भरून ठेवलेला हौद होता, पाणी अर्ध्यावर आलेलं. तो तिकडे गेला. आम्हीही गेलो. त्याने पायजमा वर खोचला, हौदात उतरला आणि एक फळी उभी धरून संथपणे पुढेमागे हलवायला लागला. पाणी उचललं, समोरच्या भिंतीकडे गेलं. आम्ही काठावर ओणवे झालो होतो. पाणी भिंतीशी संपलं नाही. तिथं ते जास्तच वर चढलं, हौदात इतर कुठेही चढलं नव्हतं तेवढं, आणि परत फिरलं. परत येणारं पाणी जाणाऱ्या पाण्यात मिसळलं. काही जागा जागच्या जागी वर-खाली होत राहिल्या आणि काही अगदी स्तब्ध. सुखदेव फळी हलवत होता आणि भिंतीकडे बघत होता. त्याचं तोंड थोडं उघडं होतं.

पुस्तकात हे होतं. मी ते वाचलेलंही होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण मांडताना माझ्या हाताने शेतच मांडलं.

आम्ही परत आलो आणि ओल्या फडक्यांनी सगळा समुद्र पुसून काढला. आठवड्याचं काम. तापलेल्या फरशीवरून पाणी वाळताना खडूचा तो वास उठला, आणि मला आठवतं की मला त्या वेळी वाईट वाटलं नव्हतं, उलट फार बरं वाटलं होतं. प्रभाकर लोळण घेऊन म्हणाला, "सर, भरती आली अन् सारं धुऊन गेली." मुनीमजी दारात आले, कोरी फरशी पाहिली आणि म्हणाले, "आटला काय?"

सुख कशाला म्हणतात असं मला कोणी विचारलं तर मी त्या सकाळकडे बोट दाखवीन. पण तिच्याकडे बघताना आज मला काही होत नाही. ती काचेपलीकडे ठेवल्यासारखी आहे. चुकीची मांडणी वेळेवर सापडली, तीन माणसं हसली, आणि त्यांतल्या एकाला आपण पुढे समुद्राकडे जावं असं वाटायला लागलं.

दुसऱ्या खेपेला आकडे मिटायला फार वेळ लागला. मृगाचे ढग दिसायला लागले तेव्हा कुठे बाकी संपली. भिंतीच्या आत उगवतीकडचा कोपरा सर्वांत शांत निघाला. होड्या तिथं लागाव्यात असं आम्ही कळवलं. आकडे कागदावर उतरवून घेतले आणि फरशी पुसली. चुन्याची रेघ मात्र पुरती गेली नाही. दिवाळीनंतर मी तिकडून जात होतो तेव्हा त्याच फरशीवर छताला लागेल एवढा कापूस पडला होता आणि पोरं त्यावर उड्या मारत होती. लोक अशा ढिगाला लाटांची उपमा देतात. मला देववत नाही.

भिंत बांधून झाली. लाटांच्या नोंदी ठेवायला तिथं एक माणूस हवा होता. कोपऱ्यात, भिंतीच्या आतल्या अंगाला, खुणा केलेली पट्टी बसवली होती. पाणी तिच्यावर कुठून कुठपर्यंत चढउतार करतं ते बघून लिहायचं. मी मित्राला सुखदेवचं नाव कळवलं. पदवी हातात होती, दुसरी नोकरी लागत नव्हती. त्याला पोचवायला मी अकोल्याच्या स्टेशनवर गेलो होतो. त्याची आई आली होती, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून. गाडी हलताना मी त्याला म्हटलं, "आपले आकडे खरे का खोटे, बघून सांग."

कुठल्याही मास्तराने म्हटलं असतं. मी हे वाक्य बऱ्याचदा तपासलं आहे.

त्याची कार्डं यायची. तो समुद्राचं वर्णन करत नसे. कोपऱ्यातलं पाणी कसं वागतं ते लिहायचा, आणि आपल्या आकड्यांच्या किती जवळ आहे ते. एकदा मात्र त्याने लिहिलं होतं, ‘सर, समुद्राला आवाज आहे. आपल्या फरशीवर तो नव्हता. पहिले काही दिवस मला त्याच्यामुळे पट्टीचं वाचन घेता येईना.’ मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. मुलं हसली होती.

मग दुसरा पावसाळा आला, आणि ते झालं. तो पट्टी वाचायला गेला असताना बाहेरून एक लाट भिंतीवरून आली. कोळ्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी काढलं. तिथंच अग्नी दिला. मित्राचं पत्र मला स्टाफरूममध्ये मिळालं. मी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढचा तास घेतला. तासाला अंकगणिती श्रेणी होती. चांगला झाला तो तास.

मूर्तिजापूरहून अचलपूरच्या छोट्या गाडीने मी दर्यापूरला उतरलो आणि तिथून चालत त्यांच्या गावी गेलो. रस्त्यात चिखल होता. वस्तीतली माणसं घरासमोर बसली होती. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी काही तरी बोललो असेन. नंतर गावातला एक मोठा शेतकरी पारावरून मला हाक मारून म्हणाला, "मास्तर, तुमचा पोरगा दर्याले गनित शिकवाले गेला होता म्हनते. दर्यानं त्याचा पेपर तपासला." दोघे-तिघे हसले. मी थांबलो नाही. पण ते वाक्य वस्तीत माझ्या आधी पोचलेलं होतं. कारण मी निघताना सुखदेवच्या आईने, रडणं थांबवून, मला विचारलं होतं, "सर, त्याचं गनित चुकलं होतं काय जी?"

मी म्हणालो, "बघून सांगतो."

त्यानंतर मी तिच्याकडे गेलो नाही. कारण मला माहीत नव्हतं. प्रत्येक मे महिन्यात मी तो कोपरा नव्याने सोडवत आलो. आता कागदावर, एकट्याने. जाळी बारीक करून पाहिली, लाटांची दिशा बदलून पाहिली. आकडा दर वेळी तिथंच यायचा, थोडा इकडे, थोडा तिकडे. मला तो चुकलेला हवा होता. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण तसं होतं. माझ्या हातची चूक सापडली असती तर मी त्या बाईसमोर जाऊन बसलो असतो आणि तुमच्या मुलाचं नव्हे, माझं चुकलं, असं म्हणालो असतो. माझ्याकडे न्यायला काही तरी असतं. मी शेवटी इथवर पोचलो होतो की फरशीवर कधी तरी माझा पाय आकड्यावर पडला असेल, घामाने एखादा आकडा पुसला गेला असेल आणि मी तो गुपचूप चुकीचा लिहिला असेल. मला तसं झाल्याचं आठवतही होतं. पण मी ते आठवावं म्हणून इतका बसलो होतो, की ती आठवण खरी की मी तयार केलेली, हे मला आज सांगता येत नाही.

घरात बायको म्हणायची, उन्हाळा आला की तुम्ही जेवताना ताटाकडे बघत नाही. तिचं खरं होतं. दुःख झालं असं मात्र मी म्हणणार नाही. हिरडीत बधिर करायची सुई देतात, दात काढतात, आणि आपण जिभेने ती जागा चाचपत राहतो, तिथं काही लागत नाही. तसं काहीसं.

या मे महिन्यात प्रभाकर आला. तो आता पुण्याकडेच असतो, बंदरांच्याच कामावर. टक्कल पडलंय, बडबड तशीच. मुंबईत आकडेमोडीचं मोठं यंत्र आलं आहे. त्याच्यावर लाटांची गणितं करायला तो जातो. फावल्या वेळात त्याने आमचा अठ्ठावन्नचा समुद्र त्या यंत्राला घातला होता. यंत्राने छापलेल्या कागदाची लांबलचक पट्टी त्याने माझ्या बैठकीत उलगडली, ती दारापर्यंत गेली. आम्ही उन्हाळाभर जे केलं ते यंत्राने चहा पिईपर्यंत केलं, असं तो म्हणाला.

मी कोपरा शोधला. आकडा तिथंच होता.

"आपलं बरोबर होतं, सर," प्रभाकर म्हणाला. "सारंच बरोबर होतं. मीच थक्क झालो."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं असेल मला बरं वाटेल. मी कागदावरून बोट फिरवत राहिलो, आणि विचारायचं नव्हतं ते विचारलं. भिंतीवर किती होतं?

"भिंतीवर?" तो म्हणाला. "भिंतीवर कोठी चौकोन होते, सर? भिंत तं आपन नुसती कड धरली होती. तिच्यावरून पानी येऊच शकत नाही, असं मानूनच गनित मांडतात. यंत्रातही तसंच हाय." मग त्याने कागदाची पट्टी दारापासून गुंडाळायला घेतली. 

भिंतीवर आकडे नव्हते. म्हणून तर तिथं उभं राहायचं होतं.

खुणांची पट्टी भिंतीच्या आतल्या अंगाला होती. तिच्यावरच्या खुणा काठावरूनही दुर्बीण लावून वाचता आल्या असत्या, असं मित्राने तेव्हाच पत्रात लिहिलं होतं, आणि मी ते वाक्य इतकी वर्षं ओलांडून पुढे जात होतो. सुखदेव भिंतीवर जाऊन उभा राहिला. वरून खाली वाकून कोपरा बघत. त्याला मी तसंच बघायला शिकवलं होतं. उन्हाळाभर, रोज, पाय भरून आले की, भिंतीवर राहा, तिथं काही बिघडत नाही. आणि ज्याने हौदात उतरून मला दाखवलं होतं की पाणी सर्वांत जास्त चढतं ते भिंतीशीच, त्याच मुलाच्या पायांना मात्र फरशीवरची सवय राहिली.

हे यंत्रात घालता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी गेलो. दर्यापूरपर्यंत तीच छोटी गाडी, पुढे आता जीप मिळते. वस्तीत दोन-तीन पक्की घरं झाली आहेत. तिचं घर तसंच आहे, मातीचं, पांढऱ्या मातीने सारवलेलं. ती थकली आहे, पण तिने मला लगेच ओळखलं. चटई टाकली. सून, धाकट्या मुलाची बायको, पाणी घेऊन आली, आधी हात-पाय धुवायला, मग प्यायला. मी पितळेच्या तांब्यातलं पाणी प्यालो. तो तांब्या मी ओळखला, आणि ओळखला हे बोललो नाही.

मी तिला सांगितलं, मी ते बघितलं. उशीर झाला. पण त्याचं गणित चुकलं नव्हतं. मुंबईला मोठं यंत्र आहे, त्यानेही तपासलं. एकही आकडा चुकला नव्हता.

 मग आतल्या खोलीत सुनेकडे तोंड करून ती म्हणाली, "आयकलं काय वो? त्याचं बराबर होतं." तिचा आवाज मोठा नव्हता. पण दाराबाहेर शेळी बांधत असलेल्या शेजारणीला ऐकू जाईल इतका होता. शेजारीण थांबली, तिने पदर सावरला आणि आपल्या घराकडे गेली. पारावर हे संध्याकाळपर्यंत पोचेल, असं मला वाटलं.

मग ती माझ्याकडे वळली. राग नव्हता. लहान मुलाला विचारावं तसं तिने विचारलं, "मंग तुमचं चुकलं होतं काय, सर?"

आकडे म्हणत होते, नाही. तेवढं म्हणून उठता आलं असतं. मी म्हणालो, "आम्ही फरशीवर काम करायचो तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं. उभं राहायचं तर भिंतीवर राहा. तो तिथंही भिंतीवरच उभा राहिला."

तिला ते समजलं की नाही मला माहीत नाही. ती जमिनीकडे बघत होती. बोटाने तिने चटईची सुटलेली काडी आत खोचली.

"मंग कोठी उभा राह्यला असता तो?" ती म्हणाली. "पान्यात?"

 सुनेने चहा आणला. आम्ही तो प्यालो. नात कोणत्या वर्गात आहे, यंदा कापसाचं कसं, असं काही तरी झालं. निघताना मी चपला घालत होतो. हात-पाय धुऊन उरलेलं पाणी घंगाळात तसंच होतं, ते सुनेने उचललं आणि अंगणात ओतलं. दुपारचं ऊन होतं. पाणी पसरत गेलं, कुडाच्या भिंतीकडे वळलं. मी एक चप्पल पायात आणि एक हातात धरून बघत उभा राहिलो. ते भिंतीशी पोचलं, पायथ्याला लागलं, काळ्या मातीत एक गडद पट्टा उमटला. परत काही फिरलं नाही.